प्रिंटलाइनमधलं नाव

*ताई, माझं वय ४४. एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत १९ वर्षं काढली. शिकाऊ उपसंपादक म्हणून लागले, आज वृत्तसंपादक आहे. आमचे संपादक दिवाळीनंतर सोडून गेले आणि आता व्यवस्थापन विचारतंय, आवृत्ती सांभाळाल का? खप उतरलेला आहे, गेल्या वर्षात डेस्कवरची तीन माणसं कमी केलीत. ज्यांनी मला पान लावायला शिकवलं ते दादा माझ्या हाताखाली येतील. पद त्यांनाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. घरी मुलगी दहावीला, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. नवरा म्हणतो, ‘तुझं तू ठरव.’ ऑफिसात आत्तापासूनच ‘मॅडम कडक आहेत’ सुरू झालंय. मध्यंतरी जिल एब्रॅमसन यांच्याबद्दल वाचलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या बाई संपादक, आणि तीन वर्षं व्हायच्या आत घरी. तिथे ही गत, तर माझ्यासारखीचं काय? हो म्हणू की नको?*

ताई म्हणालीस, म्हणजे मला अगं-तुगं करायची मुभा दिलीस. ती घेते.

तू डेस्कवरची आहेस, इंट्रोत, म्हणजे पहिल्या परिच्छेदात, बातमी नसली की तुझी चिडचिड होत असणार. म्हणून उत्तर आधीच देते: हो म्हण. पण उद्या सकाळी नको. आधी व्यवस्थापनाकडून काही गोष्टी कागदावर घे, आणि दादांशी तू स्वतः बोल, त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. या दोन्हींचं कारण त्या जिलबाईंच्याच गोष्टीत आहे. मला वाटतं तू ती शेवटाकडून वाचलीस.

एब्रॅमसन १९९७ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नल सोडून टाइम्समध्ये आल्या. २००० च्या अखेरीस वॉशिंग्टन ब्युरोच्या प्रमुख झाल्या. तिथे त्यांचं आणि पुढे संपादक झालेल्या हॉवेल रेन्स यांचं जराही जमलं नाही. मग २००३ मध्ये जेसन ब्लेअर नावाचा एक तरुण वार्ताहर बातम्या रचत होता, चोरत होता, हे उघडकीस आलं. त्या वादळात रेन्स गेले, बिल केलर आले आणि त्यांनी एब्रॅमसन यांना मॅनेजिंग एडिटर केलं. आठ वर्षं त्या दोन नंबरच्या खुर्चीवर होत्या. २००७ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ ट्रकने उडवलं, मांडीचं हाड मोडलं, पुन्हा चालायला शिकावं लागलं. २०१० मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, रोजच्या अंकातून अंग काढून घेऊन सहा महिने वेबसाइटचं काम शिकायला बसल्या. आपल्याकडे या वयाचा माणूस पासवर्डसुद्धा शिपायाकडून टाकून घेतो! ६ सप्टेंबर २०११ ला त्या संपादक झाल्या. पेपर १८५१ चा, म्हणजे पहिली बाई यायला १६० वर्षं लागली.

ही १६० वर्षं आपोआप सरली नाहीत. वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबात १९७१ पर्यंत बायकांना सभासदत्व नव्हतं. पाहुण्यांचं भाषण टिपायचं असेल तर वरच्या सज्जात उभं राहायचं, खाली पुरुष वार्ताहर जेवत बसलेले. १९७४ मध्ये टाइम्समधल्याच बायकांनी पगार आणि बढत्यांवरून आपल्याच पेपरवर खटला भरला, १९७८ मध्ये त्यात तडजोड झाली. एब्रॅमसन यांची खुर्ची या बायकांनी पुढे सरकवलेली होती, आणि खटला भरणाऱ्यांपैकी कुणालाही ती मिळाली नव्हती.

आता तुला ज्याची धास्ती आहे तो भाग.

एप्रिल २०१३. टाइम्सला पत्रकारितेतले मानाचे पुलित्झर पुरस्कार एका दमात चार मिळाले. त्यानंतर आठवडाभराने ‘पॉलिटिको’ या वृत्तसंकेतस्थळावर एक मोठा लेख आला. नाव न सांगणारे सहकारी त्यात सांगत होते की बाई तुसड्या आहेत, त्यांच्याशी जमवणं कठीण आहे. आणि गंमत बघ, त्याच लेखात त्यांचे मॅनेजिंग एडिटर डीन बॅके त्यांच्याशी वाद झाल्यावर हात भिंतीवर आपटून न्यूजरूममधून तरातरा निघून गेले, तो प्रसंगही होता. पण लोकांचा आवडता माणूस म्हणून नाव होतं ते बॅके यांचं.

तुझ्या ऑफिसात वेगळं घडत नाही. आमच्याकडे एक मुख्य उपसंपादक होते. पान उशिरा सुटलं की पेपरवेट फेकायचे. त्यांच्या निरोप समारंभात त्या पेपरवेटचे किस्से रंगवून सांगितले गेले आणि तेही डोळे पुसत हसले. त्याच डेस्कवर मी आवाज चढवला त्याची मात्र लेखी तक्रार झाली. पुरुषाच्या रागाचा किस्सा होतो, बाईच्या रागाची फाइल होते. हे बदलायला तुला वेळ नाही. ‘मॅडम कडक आहेत’ हे तू रोज लाडू वाटलेस तरी म्हणणारच, तेव्हा लाडवांचा खर्च वाचव.

पण इथेच थांबलीस तर गोष्ट अर्धीच कळेल. १४ मे २०१४ ला एब्रॅमसन यांना काढलं आणि त्याच दिवशी बॅके संपादक झाले. आधीच्या पुरुष संपादकापेक्षा आपल्याला कमी दिलं जातंय हे लक्षात आल्यावर त्यांनी पगार आणि पेन्शनची चौकशी केली होती, असं छापून आलं. मालक आर्थर सल्झबर्गर यांनी पगारात तफावत होती हेच नाकारलं. त्यांचं म्हणणं, निर्णय मनमानी होते, सहकाऱ्यांना बरोबर घेतलं जात नव्हतं, चारचौघांत लोकांचा पाणउतारा होत होता. मालकाचं म्हणणं जसंच्या तसं गिळायचं नसतं, हे तुला मी सांगायला नको. तरी त्यातल्या एका गोष्टीशी मी अडते. ब्रिटनच्या ‘गार्डियन’मधल्या जनीन गिब्सन यांना एब्रॅमसन यांनी बॅके यांच्या बरोबरीचं पद देऊ केलं होतं, आणि बॅके यांना ते धडपणे सांगितलेलं नव्हतं. त्यांना ते कळलं गिब्सन यांच्याबरोबर जेवताना. विचार कर, पानावरचा घास तसाच राहिला असेल.

म्हणजे बाईंना दुजाभावही सोसावा लागला आणि बाईंचं चुकलंही. दोन्ही खरं. आपल्याकडे एकतर तिला देवी करतात नाहीतर ‘बघा, म्हणूनच बायकांना’ म्हणतात. तू दोन्ही करू नकोस.

चुकांबद्दल बोलतेच आहे तर माझीही एक सांगते. रात्रपाळीची मी प्रमुख होते. शोकवार्तेत एका शिकाऊ मुलाने गेलेल्या गृहस्थांऐवजी त्यांच्या हयात भावाचा फोटो लावला. प्लेट जायच्या आधी माझ्या नजरेला पडलं म्हणून वाचलो. मी त्या मुलाला सगळ्यांदेखत असं झापलं, की तो हातात प्रूफ धरून नुसता उभा राहिला, खाली ठेवायचंही त्याला सुचेना. मला वाटलं, आता डेस्क शिस्तीला लागेल. झालं काय, तर डेस्क गप्प झालं. तीन आठवड्यांनी पान दोनवर आदल्या दिवशीची तारीख तशीच छापून गेली. दोघांना ती दिसली होती. ‘आत्ता सांगितलं तर मॅडम पेटतील’ म्हणून दोघंही बोलले नाहीत. ती चूक त्यांच्या नावावर लागली, पण ती माझी होती. तेव्हा लोकांना तू कडक वाटलीस तर वाटू दे. रात्री साडेबाराला ‘मॅडम, हे चुकलंय’ म्हणायला घाबरणारं डेस्क मात्र तुझ्यामुळे तयार होऊ देऊ नकोस. तसं झालंय की नाही हे तुला स्वतःला कळणार नाही. ते सांगणारं एखादं तोंडाळ माणूस जवळ ठेव आणि त्याच्यावर चिडू नकोस.

आता कागदाकडे. ज्या १४ मे ला एब्रॅमसन गेल्या त्याच दिवशी पॅरिसला ‘ल मोंद’ या दैनिकाच्या नाताली नुगेरेद यांनीही राजीनामा दिला. त्याही तिथल्या पहिल्या बाई संचालक. वर्षभरापूर्वी पत्रकारांनी मत देऊन निवडलेल्या, आणि पेपरच्या फेररचनेवरून वरिष्ठ संपादकांनी एकगठ्ठा राजीनामे दिल्यावर एकट्या पडलेल्या. दहा वर्षांनी, जून २०२४ मध्ये, वॉशिंग्टन पोस्टच्या संपादक सॅली बझबी गेल्या. वाचक घटले, तोटा वाढला, न्यूजरूमचे तुकडे करायचं वरून ठरलं आणि त्यांच्यापुढे एका नव्या तुकड्याचं प्रमुखपद ठेवलं गेलं. त्यांनी ते घेतलं नाही. ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी २००५ मध्ये बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास करून, संस्था अडचणीत आली की बाईला वर बसवायचं, या रीतीला नावच दिलं, काचेचा कडा. आपल्या आज्यांना ते अभ्यासाशिवाय ठाऊक होतं. घर गळायला लागलं की किल्ल्या सुनेच्या कमरेला.

तुझ्या घराचंही छप्पर गळतंय. खप उतरलाय, तीन माणसं कमी झालीत, आधीचे गृहस्थ निघून गेलेत. म्हणून नाही म्हणायचं का? नाही. लंडनला कॅथरिन व्हायनर २०१५ पासून ‘गार्डियन’ चालवताहेत आणि तेव्हाही तिथे आबादीआबाद नव्हतं. दिल्लीत मृणाल पांडे यांनी ‘हिंदुस्तान’ हे हिंदी दैनिक २००० ते २००९ सांभाळलं. पण चढण्याआधी शिडी कुठे टेकली आहे ते बघ. गेल्या तीन वर्षांचा खप तालुकावार माग. वितरणवाले ‘ढोबळ’ आकडा सांगतील, तो घेऊ नकोस. कमी केलेल्या तीनपैकी किमान एक जागा भरणार का, कधी भरणार, हे विचार. आधीच्या संपादकांना काय मिळत होतं तेही विचार, आणि विचारताना लाजू नकोस. संकोच वाटला तर १९७४ मध्ये खटला भरणाऱ्या त्या बायका आठव.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट शेवटच्या पानाच्या तळाशी असते. ती बारीक टायपातली ओळ, म्हणजे प्रिंटलाइन, तू १९ वर्षं न वाचता पान सोडलं असशील: मुद्रक-प्रकाशक अमुक, संपादक तमुक, आणि पुढे, वृत्तनिवडीची जबाबदारी पीआरबी कायद्यानुसार. तो १८६७ चा, छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा. त्याची जागा २०२३ च्या कायद्याने घेतली, मार्च २०२४ पासून तो लागू झाला. कायद्याच्या लेखी संपादक कोण, तर मजकुराची निवड ज्याच्या ताब्यात आहे तो. तालुक्यातल्या कुणा पुढाऱ्याने अब्रुनुकसानीची नोटीस धाडली की ती बातमीदाराच्या पाठोपाठ या ओळीतल्या नावाला येते. आणि बऱ्याच ठिकाणी निवड करतो एक आणि नाव छापलं जातं दुसऱ्याचं. पहिल्या पानाची लीड, म्हणजे मुख्य बातमी, मालकांच्या पुतण्याच्या फोनवर ठरते, रात्री नऊला जाहिरात विभाग अर्धं पान मागून घेतो आणि पाणीटंचाईची बातमी आत ढकलली जाते. नोटीस मात्र बाईंच्या नावे.

म्हणून व्यवस्थापनाला सरळ विचार: पहिलं पान माझं आहे का? उशिरा आलेल्या जाहिरातीला नाही म्हणायचा अधिकार मला आहे का? माझ्या माणसांची बीटं, म्हणजे कुणी कुठल्या विषयाच्या बातम्या आणायच्या ते, आणि बदल्या मी ठरवणार का? मी पद सोडल्यानंतरही माझ्या काळातल्या बातम्यांवरचे खटले संस्था लढवणार का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचे हसले तर समज, की तो लेखी घ्यायलाच हवा. खटले संपादकापेक्षा जास्त टिकतात. नोकरी सोडून गावी गेलेली माणसं तारखेला एसटीने जिल्हा कोर्टात येताना मी पाहिली आहेत.

थोडं विषयांतर करते. मराठीत ‘दीनबंधु’ हे पत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तानूबाई बिर्जे यांनी चालवलं, नवरा गेल्यावर. त्याच्या थोडं आधी लंडनमध्ये एक बाई ‘ऑब्झर्व्हर’ आणि ‘संडे टाइम्स’ या दोन पेपरांचं संपादन एकाच वेळी करत होती. रेचेल बीअर, माहेरची ससून, जन्म १८५८, मुंबई. काळा घोड्याच्या लायब्ररीवर ज्या डेव्हिड ससूनचं नाव आहे त्याची ही नात. फ्रान्समध्ये ड्रेफस या लष्करी अधिकाऱ्यावर ज्या कागदावरून हेरगिरीचा खोटा आरोप झाला तो कागद मीच लिहिला, ही एस्टरहाझी या दुसऱ्या अधिकाऱ्याची कबुली १८९८ मध्ये तिच्या ‘ऑब्झर्व्हर’ने छापली. सगळ्या युरोपात खळबळ उडाली. पण ‘ऑब्झर्व्हर’ सासरच्या मालकीचा होता. नवरा गेल्यावर ती खचली, तिला वेडी ठरवण्यात आलं आणि दोन्ही पेपर विकले गेले. वॉशिंग्टन पोस्टच्या कॅथरिन ग्रॅहम यांच्याकडेही पेपर आला तो १९६३ मध्ये नवऱ्याने आत्महत्या केल्यावर.

हे सांगायचं कारण एवढंच, की या बायकांच्या हाती खुर्ची घरातून आली. तुझ्याकडे ती नोकरीतून येते आहे, १९ वर्षं रात्री जागून. वारशात अटी विचारता येत नाहीत. नोकरीत येतात, आणि विचारायची वेळ सही करायच्या आधीची. नंतर तुझा प्रत्येक प्रश्न ही कुरकुर ठरेल.

दादांचं. त्यांना केबिनमध्ये बोलावू नकोस, तू त्यांच्या टेबलाशी जा. शक्यतो दुपारी, डाक आवृत्तीच्या गडबडीआधी. ‘तुमच्याच मार्गदर्शनाखाली’ वगैरे हार-तुरे नकोत, त्यांना ते सत्कारासारखं लागेल आणि सत्कार निवृत्तांचे होतात. सरळ सांग, मला विचारलंय, मी हो म्हणायच्या विचारात आहे, तुम्हाला हे माझ्याकडून कळायला हवं होतं. मग गप्प बस. ते चिडतील. चिडू देत, ती जागा खरंच त्यांची असू शकली असती. आठवड्याने एक खरं काम घेऊन परत जा. तालुक्यातल्या वार्ताहरांची कॉपी किती कच्ची येते ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? ते सगळं जाळं त्यांच्या हाती दे, पूर्ण अधिकारानिशी, आणि मध्ये लुडबुड करू नकोस. बाकी त्यांना दादाच म्हणत राहा, प्रिंटलाइनमध्ये नाव कुणाचंही असो.

मला एकदा विचारलं होतं, तुझ्या वयाची असताना. मी नाही म्हटलं. मुलगा लहान होता, हे सांगायचं कारण. खरं कारण, मी घाबरले. मग ज्याच्या कॉपीवर मी दोन वर्षं लाल पेन चालवलं तो माझा संपादक झाला. चांगला होता बिचारा. पण त्याने घातलेले मथळे बघून माझा चहा गार व्हायचा. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यासारखं आहे ते, पावसाळ्यात अजून ठणकतं.

आता घर. ‘तुझं तू ठरव’ला मीही पाठिंबा म्हणणार नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘ठरव, पण माझं काही हलवू नकोस’ असा असतो. कदाचित त्यांना तुझा दिवस कसा असेल याची कल्पनाच नसेल. तेव्हा भावना बाजूला ठेव आणि वेळापत्रक सांग. सकाळी आठला बाकीचे पेपर घेऊन बसायचं आणि आपल्याकडे काय सुटलं त्याचे फोन घ्यायचे. अकराची बैठक, संध्याकाळची बैठक, शहराचं पान जाईपर्यंत रात्रीचे साडेअकरा. निवडणुकीत आणि गणपतीत याहून वाईट. यातला कुठला भाग ते उचलणार? आणि ऑपरेशन त्यांच्या आईचं आहे. दवाखान्यातल्या रात्री आधी त्यांनी मोजाव्यात, उरतील त्या तू घे.

मुलीची परीक्षा मार्चमध्ये आटोपेल. पदभार एप्रिलपासून माग. ‘आत्ता लगेच हवं’ म्हणाले तर विचार, की दिवाळीपासून खुर्ची रिकामी होती तेव्हा घाई कुठे होती. एवढे महिने अंक कोण काढतंय हे त्यांनाही माहीत आहे.

एब्रॅमसन यांनी पेपरच्या नावातलं ते जुन्या वळणाचं ‘टी’ पाठीवर गोंदवून घेतलं होतं. काढल्यावर पाचव्या दिवशी एका विद्यापीठात पदवीदानाचं भाषण होतं. तिथे त्यांनीच ती गोष्ट काढली: एका विद्यार्थ्याने विचारलं, आता ते पुसून टाकणार का? छे, म्हणाल्या, मुळीच नाही. मला त्या बाईचं हे आवडतं आणि पटत मात्र नाही. तू काही गोंदवून घेऊ नकोस.

काय ठरलं ते कळव. आणि तुझा पहिला अंक मला टपालाने पाठव, पीडीएफ नको. मी शेवटच्या पानापासून वाचते.